राखण

मे महिन्यात आमच्या सावद्याला
पत्र्याला हात लागला तर कातडी पत्र्यालाच राहते.
असल्या उन्हात मी गच्चीवर बिबडे घातले,
नेहेतेबाईंची ऑर्डर, लेकीच्या सासरी पाठवायला,
जुन्या धोतरावर ओल्या हाताने थापून
एकाला एक लागून, ओळीच्या ओळी.

भाग्येशला म्हटलं, राखण बस,
रोजचे दहा रुपये देईन.
नुसते हातावर ठेवले तर पैसे कळत नाहीत,
असं माझं मत होतं.
बुडालेल्या पतपेढीची एक डायरी घरात पडून होती,
पुठ्ठ्यावर सोनेरी लक्ष्मी, आत पानं कोरी.
तिच्यात दोन रकाने आखून दिले : आले, गेले.
रोज रात्री लिहायचं. रुपयासुद्धा हवेत नको.
अकरा वर्षांचं पोर, मान अशी डोलावली
जसा काही जन्मापासून पगारावरच आहे.

तीन दिवस बिबडे बिनबोभाट वाळले.
डायरीत दहा. दहा. दहा.
मी मनात म्हटलं, जमलं बाई आपल्याला.

चौथ्या दिवशी ताकाचा तांब्या घेऊन वर गेले
तर भाग्येश नव्हताच.
हेमा होती. सहा वर्षांची.
डोक्यावर माझा परकर ओला करून गुंडाळलेला,
हातातली काठी तिच्याहून हातभर उंच.
"दादा खाले आहे. कूलरपुढे.
मले चार रुपये देतो ना तो रोजचे."

जिना उतरताना हसू आवरेना.
शेवटच्या पायरीवर ते आपोआप थांबलं.

यांचे बाबा केळीच्या गाड्या भरतात.
मुकादम निंबाखाली खाट टाकून बसतो
आणि प्रत्येकाच्या रोजातून आपला वाटा काढतो.
रात्री ताटावर आम्ही त्याच्या नावाने बोटं मोडतो,
मुलं खाली मान घालून भाकरी कुस्करत असतात.
मला वाटायचं, त्यांचं लक्ष भाकरीत आहे.

भाग्येशला उठवलं.
डोळे चोळत म्हणाला, "एक तरी बिबडा गेला का? मोज."
मोजले.
एकही गेला नव्हता.
मी तशीच उभी, हातात ताक,
आणि कूलरचं पाणी टपटपत होतं.

संध्याकाळी बिबडे उलटायला गेले
तेव्हा कठड्याच्या कोपऱ्यात, डब्याच्या झाकणात
घाट्याचा गोळा दिसला, बाजूला वाटीभर पाणी.
कावळा बसून सावकाश खात होता.
चार पावलांवर तीनशे बिबडे पसरलेले,
त्याने तिकडे चोचसुद्धा वळवली नाही.

हेमा म्हणाली, "ते त्याचं आहे.
सकाळी तू मले तेल घालून घाटा देते ना,
त्यातला अर्धा त्याले. मंग तो नाही येत."
"अन् काठी गं?"
"काठी दादाले दाखवाले."

रात्री हे आले. सगळं सांगितलं.
आधी खो खो हसले, पार ठसका लागेस्तोवर.
मग हेमाला जवळ ओढून विचारलं,
"कितीक देतो म्हणे तुले?"
"चार."
हे उठले आणि मोरीत जाऊन
धुतलेले हात पुन्हा धूत बसले.

डायरी मी भाग्येशपुढे सरकवली.
बराच वेळ पेनाचं टोपण चावलं त्याने,
मग 'गेले'च्या खाली चार वेळा चार लिहिले, बारीक अक्षरात,
आणि मला न विचारता त्यातला एक आकडा खोडून
सहा केला. आजचा.

"माह्या कावळ्याचंबी लिही," हेमा म्हणाली.
त्याने माझ्याकडे पाहिलं. कुठल्या रकान्यात?
मलाही सुचेना.
तिने पेन घेतलं आणि मधल्या रेघेवरच काढला,
एक पाय इकडे, एक पाय तिकडे,
चोच मात्र लक्ष्मीएवढी मोठी.

अजून दीड पायली ज्वारी भिजत पडली आहे.
उद्या पहाटे घाटा शिजवायचा.
मूठभर जास्तीचा टाकीन म्हणते.