रकाना एकच होता

नारीनच्याही वर, जिथं रस्ता डांबर विसरतो
आणि नुसत्या चाकोरीच्या आठवणीवर चालतो,
तिथं मी ऑक्टोबरात गेले.
एकशे चाळीस घरं, बत्तीस प्रश्न,
प्रत्येक प्रश्नाखाली पाच चौकटी.
मधली चौकट : सांगता येत नाही.

सांगता येत नाही, असं म्हणत म्हणत
बायका इतकं सांगायच्या
की प्याल्यातला चहा तीनदा गार व्हायचा.

बुरुलच्या दिरानं फोनवर काहीतरी पाहिलेलं.
पांढऱ्या कोटातला माणूस, भाषा परकी,
खाली ठळक अक्षरं : मुली वांझ होतील.
"खोटंच असेल," बुरुल म्हणाली
आणि उपडी पडलेली भाकर उलटून सरळ केली
(तिथं भाकर उपडी ठेवत नाहीत),
"पण खोटं निघालं नाही तर मी कुणाकडे जाऊ?
तुझ्याकडे?
तू तर चारच्या गाडीनं जाणार."
मी खूण केली. चौकट चौथी.

पलीकडच्या घरात म्हातारी काल्बूबू.
तिनं बाही वर करून दंडावरचा वण दाखवला,
वाळक्या जर्दाळूएवढा.
"आम्हांला कुणी विचारलंय?
शाळेत रांग लावली, टोचलं, घरी पाठवलं.
तुम्ही विचारता ना,
म्हणून तर शंका येते."
मग बराच वेळ चुलीत शेणी सारत राहिली.
बहीण गेली तिची, चाळिशीही न गाठता,
'खालच्या दुखण्यानं'.
त्याहून जास्त नाव तिनं दिलं नाही,
माझ्या फॉर्मवरही त्याला जागा नव्हती.

तुर्सुनाय, दवाखान्यातली परिचारिका,
जाड वही काढून बसली.
नकार : तेवीस.
मी आकडा उतरवून घेणार, तेवढ्यात
तिनं त्यावर बोट ठेवलं.
"थांब. या सातजणी त्या दिवशी जायलूवर होत्या,
मेंढरांमागे. लस खाली, पोरी वर.
या दोघींच्या आया मॉस्कोत भांडी घासतात,
सही आजीची हवी, आजीला अक्षर येत नाही.
हिला ताप होता. नंतर ये म्हटलं.
ती आली, तेव्हा आमच्याकडे लस नव्हती.
हिचा बाप नको म्हणाला. हा नकार, खरा.
हिचा बाप नको म्हणाला, आई रात्री येऊन
हो म्हणून गेली. हिला काय म्हणू?"
"मग सगळ्यांपुढे नकार का लिहिलंस?"
"रकाना एकच होता."

निघताना बुरुलची सेझिम फाटकापर्यंत आली.
अकरा वर्षांची. सगळा वेळ दाराआड उभी होती,
हे मला तिच्या लाल झालेल्या कानावरून कळलं.
"टोचायला किती वेळ लागतो?"
"तीन मोजेपर्यंत."
तिनं मोजून पाहिलं. बिर, एकी, उच.
"एवढंच? मग आईला
तासभर काय विचारत होता?"

बत्तीस प्रश्न, मी गाडीत पुन्हा चाळले.
एकही तिला विचारायचा नव्हता.

बिश्केकमध्ये हिवाळाभर आकडे.
मधल्या चौकटीतली माणसं यंत्रानं
'माहिती अपुरी' म्हणून बाजूला काढली.
बुरुल झाली एकशे अठरा.
वरिष्ठ म्हणाले, तेवीस म्हणजे तेवीस,
सात आणि दोन आणि एक अशी फोड
तळटीपेत टाक, बारीक अक्षरात.
मी टाकली. इतक्या बारीक अक्षरात
की मलाच चष्मा लावावा लागला.

जूनमध्ये तुर्सुनायचा फोन. मागे वारा, घोड्याचं फुरफुरणं.
शीतपेटी खोगिराला बांधून ती जायलूवर चढली होती.
"सातातल्या पाच झाल्या. दोघी मेंढरांत लपल्या."
"आणि बुरुल?"
"नाही अजून. पण विचारत होती,
पुढची फेरी कधी, सकाळी की दुपारी.
आणि तिची पोरगी, मी दिसले की,
लांबूनच ओरडून मोजते :
बिर! एकी! उच!"

हे कुठं लिहू, मी विचारणार होते.
अहवाल कालच छापायला गेला होता.