तारांकित प्रश्न

पर्वरीला, सभागृहात, मी विचारलं:
गावडोंगरीच्या आरोग्य केंद्रात रुग्णवाहिका आहे काय?
मंत्री उठले. चष्मा लावला. कागद पाहिला.
"होय, आहे."
बाकं वाजली.

आहे, अध्यक्ष महोदय.
फणसाखाली उभी आहे, चारही चाकं बसलेली.
तिचं स्ट्रेचर बाहेर ओढून
नर्स बिबियाना त्यावर सोलं वाळवते.

शाणू वेळीपची सून
करमल घाटात, मासळीच्या रिकाम्या टेम्पोत
बाळंत झाली.
पोर जगली.
आठवडाभर तिच्या अंगाला बांगड्यांचा वास होता,
असं शाणू सांगतो.
हसत सांगतो,
तेच मला सोसत नाही.

पुरवणी प्रश्नाला उभा राहिलो
तोवर घंटा झाली.

रात्री परतताना केंद्रापाशी गाडी वळवली.
दिव्यांच्या झोतात कोनशिला उजळली,
शेवाळाखालून "यांच्या शुभहस्ते"
आणि त्यावर नाव
माझंच.

तेव्हा मी पलीकडच्या बाकांवर होतो.
समोरून कुणीतरी विचारलं होतं,
तिथं रात्रीचा डॉक्टर आहे काय?
चष्मा लागत नव्हता मला तेव्हा.
कागद हातात होता.
न वाचताच म्हणालो होतो,
होय, आहे.