क्रॉसिंग

दुपारचं ऊन कलंडलं, चिमटा हातात आला
की मी कळ्या चाचपत जातो.
उद्या उमलणारी कुठली, ते पोटावरनं कळतं:
फुगलेली, टोकाला पिवळट.
परवाचीला हात लावायचा नाही.
आजची उरकून बसलीय, तिचा उपयोग नाही.

नखानं गोल चीर. पाकळ्यांचं टोपरं अलगद उचलायचं.
आत पुंकेसरांची नळी, रवा चिकटवल्यासारखी,
ती सोलायची, मधल्या दांड्याला ओरखडा न जाता.
मग राहतं स्त्रीकेसर एकटं,
टोकाला गर्द मखमलीचे इवले गोंडे.
त्यावर लाल कागदाची नळी बसवायची.
रात्रभर मुंगी नको, माशी नको, वारा नको.

नांदणीच्या या रानात आठ ओळी मादीच्या
आणि बांधाकडं दोन नराच्या.
यास्मिन मुल्लाणी पलीकडच्या सरीतनं विचारती,
"अक्का, आपण न्हावी की सुईण?"
मी म्हणतो, सांजचं दोघी न्हावी.
सकाळचं तू काजी, मी भटजी.
बाबगोंडा हसत नाही. तो टोप्या मोजतो.
चारशेला दोन कमी भरल्या
तर दोनशे वेळा बोलतो.

सकाळी आठला नराचं फूल खुडायचं,
पाकळ्या मागं दुमडून दांड्यासारखं धरायचं,
लाल टोपी काढून गोंड्यांवर घासायचं.
पराग बेसनासारखा नखांत बसतो.
भाकरी थापताना परातीत पिवळं दिसतं.

पुण्याच्या कंपनीची मॅडम आली, दुर्बीण घेऊन आली.
म्हणाली, बघा,
एक कण गोंड्यावर रुजतो, बारीक नळी काढतो,
दांड्यातनं खाली उतरत बीजांडापर्यंत पोचतो.
नळीतनं दोघं जातात.
एकाचं होतं पोर,
दुसऱ्याची होते पोराची शिदोरी.
मी विचारलो, एका बीला एक कण?
हो म्हणाली.
म्हणजे एका भेंडीत पन्नास बिया,
तर पन्नास वराती या काडीएवढ्या बोळातनं?
आणि गावात कुणाला आवाज नाही!

मॅडम हसली. मग वही मिटून म्हणाली,
"अक्का, तुम्ही आलो, गेलो का म्हणता?
बाईनं आले म्हणायचं."
मी म्हणालो, आमची आई आलो म्हणायची,
तिची आई आलो म्हणायची,
कोल्हापुरात मंडईत उभ्या राहा तासभर,
किती बायका आलो म्हणतात ते मोजा.
मी शाळेत गेलो, मी नांदायला आलो,
मी तीनदा बाळंत झालो.
कुणाला काही अडलं नाही.

तिला बोललो नाही ते सरीत बसून स्वतःशी बोललो:
भेंडीच्या फुलातसुद्धा दोघं एकाच घरात राहतात, मॅडम.
चिमटा तुमचा.

या बियांचं पीक छान येतं म्हणे, एकसारखं, बोटभर लांब.
पण त्याचं बी धरून पुन्हा पेरलं
तर नाती विस्कटतात, एकेक झाड एकेका वळणाचं.
म्हणून दरसाल पुडी विकत.

माझ्या दारात माहेरची भेंडी आहे,
सात धारांची, लवदार, हाताला खाजरी.
मार्गशीर्षात एका सांजेला तिची एक कळी सोललो,
लाल कागद नव्हता, कॅलेंडरचा कपटा गुंडाळलो.
दुसऱ्या दिवशी रानातनं काडेपेटीत
बांधाकडचं एक फूल आणलो.
घासलो. परकराच्या नाडीचा निळा दोरा बांधलो.

सव्वा महिना गेला.
भेंडी आता वाळून धारांवर उकललीय,
हलवली की खुळखुळते.
आत काय आहे
ते बाबगोंडाला माहीत नाही, कंपनीला माहीत नाही,
खरं तर मलाही नाही.
कानाशी धरून उभा होतो

तवर घरातनं हाक आली,
"अगं, भात करपतोय!"
आलो, म्हणालो.