तीन नंबरचा बेड

नाव सांगा, म्हणते मी.
एकदा. मग कानाशी वाकून पुन्हा.
हनुवटीखाली दोन बोटं, जबडा किंचित वर,
श्वास मास्कवर धुकं धरतो, सोडतो,
धरतो.
तोवर बाकी काही विचारायचं नसतं.

लीलावती निरभवणे, वय सत्तावन्न.
पित्ताशय काढलंय, पोटावर चार भोकं.
जोडवी नि बांगड्या डब्यात, डबा सुनेकडे,
मनगटाला पट्टी, तिच्यावर माझ्या अक्षरात त्यांचं नाव.
बाहेर नाशिकरोडची जानेवारीतली सकाळ,
आत एसी.
दात वाजायला लागले तसं
संपतकडून दुसरं ब्लँकेट मागवलं.
ते खोचताना दिसला उजवा अंगठा,
चादरीच्या कडेवरून सरकत होता, सरकत होता,
ओठांत पुटपुट:
एक्याण्णव, ब्याण्णव, त्र्याण्णव...

भुलीत माणसं काहीही बोलतात.
सिन्नरचे एक मास्तर हजेरी घेत उठले होते,
गैरहजर मुलांवर जाम चिडलेले.
या बाई मोजत होत्या.
फाइलीत लिहिलेलं, प्रेसमध्ये नोकरी.
आमच्याकडे प्रेस म्हणजे एकच, नोटांची.
शंभरला अंगठा थांबला,
कुणी थप्पी उचलून नेईतो.
मग पुन्हा एकपासून.

मीही लिहून घेतलं. बीपी ठीक, ड्रेसिंग कोरडं,
ऑक्सिजन सत्त्याण्णव.
त्याही तेव्हा सत्त्याण्णवलाच होत्या.

उमळून आलं. मान कुशीला वळवली, ट्रे धरला,
हिरवट पाणी, पुसलं.
आणि अचानक दोन्ही हात वर,
सलाईनसकट,
डोळे मिटलेलेच:
"घ्या बाई झडती. सुटली ड्यूटी."

तीस वर्षं रोज सुटताना
असेच वर गेले असतील हे हात.
सुईचा हात मी हळूच खाली घेतला.
"झाली झडती," म्हटलं. "काही नाही सापडलं."

खोटंच. ट्रॉलीवर बाटलीत होते त्यांचे खडे,
नातेवाइकांना दाखवायला ठेवलेले.

अर्ध्या तासाने डोळे उघडले.
नाव सांगा.
आधी टोकन नंबर सांगितला, मग आडनाव,
मग पाणी मागितलं.
पाणी इतक्यात नाही. ओला कापूस ओठांवर फिरवला.
नजर बाटलीवर गेली.
"किती?"
अकरा.
कोरडी जीभ टाळ्याला लावून सोडवली त्यांनी,
"परत मोजा," म्हणाल्या.

मी बाटली खिडकीच्या उजेडात धरली.