पुसायला भीती वाटते

काय काय येतं, मुकादम सरांनी विचारलं,
दापोलीत, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत,
जिथे दोन संगणक चालू होते
आणि तिसऱ्याच्या बंद खोक्यावर चहाचे कप.

खोटं बोलायचं ठरवून आले होते.
ऋजुताने पाठ करून घेतलं होतं:
सगळं येतं म्हण, मग रात्री बसून शिक.
पण हर्णैपासून गाडीत उभी राहून
पाय बधिर झालेले,
तोंडातून खरंच निघालं.

फॉर लूप येतो. इफ-एल्स येतं.
टेबलात नाव घालता येतं, शोधता येतं.
पुसताही येतं,
पण पुसायला भीती वाटते.

सर माझ्या प्रमाणपत्राकडे बघत राहिले.
सहा महिन्यांचा कोर्स,
लॅमिनेशनच्या आत माझाच एक केस अडकलेला.
मग म्हणाले, आधीचा पोरगा हुशार होता.
त्याला कशाचीच भीती नव्हती.
बर्फ कारखान्याची दोन वर्षांची उधारी
त्याने एका एंटरात उडवली.
सोमवारी ये. सात हजार. डबा घरून आण.

म्हणजे करायचं काय, आईने विचारलं.
ती लिलावावरून नुकतीच आलेली,
कोपरापर्यंत खवले.
म्हटलं, बर्फाचा हिशोब.
तो तर मी तोंडी करते, ती म्हणाली.
यावर तेव्हा उत्तर नव्हतं. अजून नाही.

पहिले तीन आठवडे
दुसऱ्याने लिहिलेलं वाचत होते,
परक्या घरात कुणाला न विचारता
न्हाणीघर शोधावं तसं.
ओळ चालली तर का चालली कळायचं नाही.
बंद पडली की जरा बरं वाटायचं,
निदान शोधायला काहीतरी असायचं.

चौथ्या आठवड्यात तक्रार आली, भाग्यरेखा होडीची.
रात्री अकराला बर्फ उचललेला, एकला डिझेल,
आणि बिलं दोन, दोन तारखांची, दोन फेऱ्यांची.
पावसे तांडेल स्वतः जिना चढून आले.
मी दर्यात एकदाच गेलो, म्हणाले,
तुमच्या यंत्रानं दोनदा पाठवलाय.

तीन दिवस डोकं आपटलं.
आकडे बरोबर. बेरीज बरोबर.
तारीखसुद्धा बरोबर, हीच पंचाईत.

चौथ्या रात्री बाबा
जाळ्याची गाठ दातात धरून, अर्धं गिळत, बोलले:
आपला दिस बाराला कुठं बदलतो गो?
परतून पाय वाळूला लागला
की बदलतो.

हे कुठल्याच धड्यात नव्हतं.
सकाळी एक इफ लिहिला:
पहाटे चारच्या आतली वेळ असेल
तर तारीख कालचीच धर.
आणि त्याच्या डोक्यावर, मराठीत, एक शेरा:
हा दिवस दर्यावरचा आहे. सुधारू नये.

सरांनी वाचलं. काही बोलले नाहीत.
दुपारी कप खाली उतरवले
आणि तिसरं खोकं फोडलं.

म्हणून मी हुशार झाले असं नाही.
एक जूनला मासेमारी बंद झाली,
होड्या वर ओढल्या, झापांनी शाकारल्या,
आणि सकाळी साडेनऊला माझा प्रोग्रॅम आडवा:
होडीमागे सरासरी बर्फ,
म्हणजे बर्फ भागिले होड्या,
होड्या शून्य.

कारखान्यातून फोनवर फोन.
सर नमाजाला जाऊन यायचे होते तोवर
लाज बाजूला ठेवून घरी फोन लावला.
आई, बंदीत तू सरासरी कशी काढतेस?

पलीकडे सुपात सुकट पाखडल्याचा आवाज.
बंदीत, ती म्हणाली,
सरासरी कोण काढत बसतं?

फोन खांद्याला तसाच धरून
मी दुसरा इफ लिहायला घेतला.