आतला ठिपका

इश्बेलचं पहिलं मराठी वाक्य होतं,
"चला, आम्ही चहा पिऊ या."
आम्ही अकराजण बसूनच राहिलो,
कोण उठायचं ते कळेना.

मी तरुण संघाचा चिटणीस.
दिवसा उद्यमनगरात लेथवर,
संध्याकाळी चर्चमागच्या हॉलमध्ये
खुर्च्या मांडायच्या, फळा पुसायचा
आणि मिसची मराठी दुरुस्त करायची.
"आम्ही म्हणजे समोरच्याला सोडून," मी सांगितलं.
"आपण म्हणजे त्यालाही धरून."
तिनं वहीत दोन गोल काढले,
एकाचा ठिपका आत, एकाचा बाहेर,
आणि पेन चावत विचारलं,
"मग देवापुढं 'आम्ही' का म्हणता? तो बाहेर आहे?"
मला घाम फुटला.
पाळकसाहेब नेमके मिरजेला गेलेले.

मीही सोडलं नाही.
तिनं फळ्यावर 'वी' लिहिला तसा हात वर केला,
"मिस, हा कुठला? आतला की बाहेरचा?"
ती म्हणाली, "माणसं बघून कळतं."
"नाही कळलं तर?"
"तर भांडण होतं," म्हणाली, आणि हसली नाही.

तिच्या बेटावर, तिच्या लहानपणी,
रविवारी बागेतल्या झोक्यांना कुलूप असायचं.
वारा तेवढा मोकळा.
आणि इथं उपासना संपते न संपते
तोच शास्त्र डिकीत टाकून पोरं स्टेडियमला,
पेठांची मॅच.
पहिल्या वेळी ती गेटावरूनच परतली.
दुसऱ्या वेळी आली, पर्स मांडीवर धरून,
वर्गात बसावं तशी.
पंच्याऐंशीव्या मिनिटाला आपल्या गोलकीपरनं
चेंडू दोन पायांतून सोडला
आणि तिच्या तोंडून जे काय निघालं
त्याचा अर्थ तिनं कधीच शिकवला नाही.

एकदा गाडीवरून दोघं आले.
चपला न काढता हॉलभर फिरले.
"इथं नक्की काय शिकवताय?"
सुवार्ता आवळेनं फळ्याकडं बोट केलं:
अ, ॲन, द.
त्यातला एक जरा जास्तच वेळ वाचत उभा राहिला.
पुढच्या सोमवारी एकटाच येऊन मागं बसला.
रणधीर. त्याला दुबईत क्रेन चालवायची होती.
'द' कुठं लावायचा ते त्याला शेवटपर्यंत जमलं नाही.
मला तरी कुठं?

डिसेंबरात तिचे वडील गेले.
आमच्या गच्चीवर रेंज बरी येते,
तिथं पाण्याच्या टाकीला टेकून
तिनं मोबाइलवर माती दिलेली बघितली.
तिकडं छत्र्या, सगळं काळं.
इकडं ऊन, गुऱ्हाळाचा धूर, शेजारचा मिक्सर.
आई जिना चढून वर गेली, भाकरी आणि दही ठेवलं,
बाजूला बसली.
आईला इंग्रजी येत नाही,
तिला त्या दिवशी मराठी येत नव्हती.
ताट मात्र रिकामं खाली आलं.

एप्रिलात व्हिसा संपला.
तिनं भाषण लिहून आणलं होतं, कागद उघडलाच नाही.
म्हणाली,
"आपण गुरुवारी जाणार आहोत.
आपल्याला परत यायला मिळेल का, माहीत नाही."
मागं कोणीतरी फिसकन हसलं.
रणधीर म्हणाला, "सगळी? मग पासपोर्ट काढाय पायजे की!"
सांगायला हवं होतं,
मिस, इथं 'मी'. दोन्ही वाक्यांत.
कामच होतं ते माझं.
मी उठलो
आणि पुसलेला फळा परत पुसला.

हॉलची एक किल्ली तिच्या पर्समधून बेटावर गेली.
मेसेज आला, "पोस्टानं पाठवू का?"
मी लिहिलं,
नको, असू दे.
आपल्याकडं दुसरी आहे.