एकोणीस पायऱ्या

जिना बाहेरून, लोखंडी, गिरकी घेतलेला.
गास्पारनं मोजल्या: एकोणीस.
"मॉन्ट्रियलमध्ये सगळेच असे चढतात,"
मादाम ग्रेनिये किल्ली शोधत म्हणाल्या.
चढतात, मान्य.
पण फेब्रुवारीत, बर्फावरून,
एका हातात कठडा नि दुसऱ्यात तू?

आत उजेड बरा. नळ गळका.
पाळण्याला जागा एकच, कपाटाच्या पोटात,
तीही दार काढून टाकलं तर.
गास्पार टेप धरून उकिडवा, इंच चोरत.

तेवढ्यात वरच्या मजल्यावर कुणीतरी
ट्रॉम्बोन फुंकला, बेसूर,
आणि तू आतून अशी लाथ मारलीस
की मी भिंतीलाच टेकले.

भाडं झेपणार नाही,
हे आम्ही उतरताना बोललो.
उतरताना पायऱ्या अठराच भरल्या.

पुन्हा मोजायला
वर जावं लागणार.